वेस्ट ग्रोव्हचा मका

परक्यांची मेलेली माणसं शोधून देण्यात लव्होन माइन्ट्सचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. कॅलिफोर्नियातून, टेक्ससमधून लोक तिला विचारायचे, आमचे पणजोबा तुमच्या आयोवात कुठेतरी पुरलेत, जरा बघता का. ती बघायची. रस्त्याने कारण नसताना घेतलेलं वळण, उघड्या माळावर सीडरची दोनच म्हातारी झाडं, चरात दर मेअखेरीस आपसूक फुलणारे पिओनीचे गेंद, असलं काही दिसलं की गाडी उभी करून ती लोखंडी सळई घेऊन उतरायची. सळई मातीत टोचत टोचत जायचं. खाली दगडावर टक्कन वाजली की गुडघे टेकायचे, दगड उकरायचा, धुवायचा, नाव वाचायचं. लोक भरभरून आभार मानायचे. एखादा विमानाने येऊन कबरीपाशी रडूनही जायचा, आणि मग पुन्हा तो मका आणि तो वारा.

स्वतःच्या थोरल्या भावाची कबर मात्र तिला सापडत नव्हती.

हिन्रिक आठवडाभरही जगला नव्हता. आई, गेस्के, तेव्हा इस्पितळात तापाने फणफणलेली होती. बापाने, ओकोने, पेटी काखेत मारली आणि वेस्ट ग्रोव्हच्या दफनभूमीत नेऊन पुरली. आईला पोराचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही. पुढे दरवर्षी कबरींना फुलं वाहायच्या दिवशी ती लव्होनचं बोट धरून तिथे जायची. मग मक्याला सोन्याचा भाव आला. सगळ्यांनीच कुंपणाला भिडेपर्यंत नांगर घातला, आणि ओकोने तर कुंपणापलीकडेही घातला. वेस्ट ग्रोव्ह त्याच्याच शेताच्या मधोमध होतं, तिथे नवीन कुणी पुरत नव्हतं, आणि टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या पंचायतीच्या, तीन पंचांपैकी एक ओको स्वतः होता. विचारणार कोण? झाडं गेली, कुंपण गेलं, जायची पायवाट गेली. दगडांचं काय केलं ते ओकोने मरेपर्यंत सांगितलं नाही. लव्होन तेव्हा शिक्षिका व्हायला दुसऱ्या गावी गेली होती. परत आली तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता मका होता. जुन्या नकाशावर एक बारीकशी फुली होती खरी, पण त्या फुलीच्या एका पायाखाली सगळं शेत मावत होतं.

आता आई नव्वदीच्या पुढे होती आणि गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीपाशी बसून असायची. ओको चर्चच्या आवारात जाऊन पडला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याच्या दगडावर शेजारी आईचंही नाव कोरून ठेवलेलं होतं, जन्मसाल, पुढे आडवी रेघ आणि मग नुसतं 'एकोणीस'. उरलेले दोन आकडे मेल्यावर टाकायचे. आईने ते शतक ओलांडलं आणि दगडाला खोटं पाडलं, याचं तिला फार हसू यायचं. पण त्या वसंतात ती हसली नाही.

"मला ओकोशेजारी ठेवू नका," ती म्हणाली. "त्याच्याशेजारी निजून झालं माझं. मला माझ्या बाळापाशी ठेवा."

म्हणजे आधी बाळ सापडायला हवं होतं. आणि ही दफनभूमीच आहे असं पंचांनी मान्य करायला हवं होतं. एकदा मान्य केलं की तेवढी जमीन टाउनशिपची, तिथे नांगर नाही. आता ते शेत लव्होनचा धाकटा भाऊ वेंडल करत होता. बापाच्या पश्चात पंचाच्या खुर्चीतही तोच बसला होता.

त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. जुलै संपता संपता मक्याच्या पानांच्या सुरळ्या झाल्या आणि शेतं राखेच्या रंगाची दिसायला लागली. एका सकाळी लव्होन आईकडे निघाली होती. टेकाडावर तिने सहज डावीकडे पाहिलं आणि कचकन ब्रेक दाबला. करड्या मक्यात गर्द हिरवे लांबट तुकडे उमटले होते. ओळीने. सगळे पूर्व-पश्चिम. एकदा खोल खणलेली माती ओल धरून ठेवते, हे ती आजवर दहा जणांना समजावत आली होती. पूर्वेच्या टोकाला, बाकीच्यांपासून जरा सुटा, पाळण्याएवढा एक तुकडा होता. इतरांच्या कबरींवर कधी डोळे न ओलावणारी लव्होन स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

फोन काढून तिने फोटो घेतला. त्यात करडं काहीतरी आणि हिरवट काहीतरी एवढंच आलं. हे असं टेकाडावर उभं राहूनच बघायला हवं होतं.

आणि मग तिने तिच्या लोकांत कुणीही केली असती तीच चूक केली. घरच्या माणसाला डावलून बाहेर बोलायचं नाही, म्हणून ती आधी वेंडलकडे गेली. जाताना खजुराच्या वड्यांचं ताटही घेतलं.

वेंडल शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होता. बाहेर येऊन हात पुसत त्याने ऐकून घेतलं.

"ओलीची जागा असेल."

"ओल काय पूर्व-पश्चिम आखून बसते का रे?"

"किती जागा जाईल?"

"अर्धा एकर."

"आणि तिथवर जायला रस्ता लागेल. मग तुझे ते कॅलिफोर्नियावाले येतील फुलं घेऊन, माझ्या मक्यातून."

"वेंडल, आईला तिथे जायचंय."

"आईला काय, परवा तिला घोडा हवा होता."

लव्होन हसली नाही. "मंगळवारी तुमची बैठक आहे. त्याआधी मी बाकीच्या दोघा पंचांना, लायलला आणि डॉनाला, टेकाडावर घेऊन येते. तूही ये. सगळ्यांनी मिळून बघू."

"बघू," वेंडल म्हणाला आणि त्याने एक वडी उचलली. "छान झाल्यात."

त्या घरात 'बघू' म्हणजे काय हे लव्होनला जन्मापासून माहीत होतं. तरी बोलणं बरं झालं अशी तिने स्वतःची समजूत घातली. वडी खाल्ली ना त्याने.

मंगळवारी ती लायल आणि डॉनाला घेऊन टेकाडावर आली तेव्हा खाली मधल्या शेतातून एक रुंद पट्टा घोट्याएवढा कापलेला होता. कापून वर तव्यांचा नांगरही फिरवलेला होता. दोन्ही बाजूंचा मका तसाच उभा होता. वेंडल पिकअपला टेकून त्यांची वाट बघत होता.

"जनावरांना खायला नको का?" कुणी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "दुष्काळ आहे. सगळेच कापतायत."

ते खरंच होतं. त्या आठवड्यात जो तो उभा मका कापून वैरण करत होता. फक्त कुणी शेताच्या मधूनच सुरुवात करत नव्हतं.

लव्होनने फोटो पुढे केला. डॉनाने फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "मला यात ओल दिसते, लव्होन. कबर काही दिसत नाही."

"मग सळई घालून बघू. खणलेल्या मातीत ती सुरीसारखी जाते. आत्ता दाखवते."

"माझ्या जमिनीत सळई खुपसायची तर आधी मला विचारावं लागेल," वेंडल म्हणाला.

"विचारते."

"नको."

लायल फ्रेरिक्स आपल्या बुटांकडे बघत होता. लव्होन त्याच्याकडे वळली. "तुझ्या आजोबांच्या दोन बहिणी आहेत तिथे, लायल. घटसर्पाने गेलेल्या."

"असतील."

"असतील काय? तुझं रक्त आहे ते."

"त्यांची काही तक्रार नाही ना," लायल म्हणाला. मग जरा ओशाळला. "हे बघ, बहीणभावांचं घरातल्या घरात मिटवा. आम्ही मध्ये पडलो तर बरं दिसायचं नाही. उद्या त्याच्याकडूनच मला कापणीला ट्रॅक्टर घ्यायचाय."

डॉनाने मान डोलावली. एवढ्यावर बैठक झाली. भावाचा तर लव्होनला राग होताच, पण त्याहून जास्त राग तिला त्या दोघांच्या सभ्यपणाचा आला. ओरडले असते तर तिलाही ओरडता आलं असतं.

वृद्धाश्रमात आई चहाची वाट बघत होती. त्यांच्या घराण्यातली रीत, कपात आधी खडीसाखर, तिच्यावर कढत चहा, वर साय, आणि ढवळायचं नाही. कडू पिऊन झाल्यावर तळाशी गोड लागतं. लव्होनने कप तिच्या हातात दिला.

"सापडला?" आईने विचारलं.

"सापडला. पूर्वेच्या टोकाला आहे. एवढ्या दुष्काळात त्याच्यावरचा मका हिरवागार होता, आई."

आईचा चेहरा असा फुलला की लव्होनला पुढचं बोलवेना. पण आईने विचारलंच, "मग मला तिथे ठेवतील ना?" तेव्हा तिने सगळं सांगितलं. कापलेला पट्टा, नांगर, सळई, लायल. काहीही सौम्य केलं नाही. आईने चिडावं, वेंडलला बोलावून चार शब्द सुनावावेत, एवढीच तिची इच्छा होती. आईचा शब्द त्याने मोडला नसता.

आईने कप मांडीवर टेकवला.

"वेंडलशी भांडू नकोस," ती म्हणाली. "एक मुलगा मातीत गेला. मला एकच उरलाय."

"मुलगीही एकच आहे, आई."

"तुझं काय गं," आई म्हणाली, "तू आहेसच." आणि तिने चहाचा घोट घेतला. "मला ओकोशेजारीच ठेवा. तो एकोणीस तेवढा बदलून घ्या."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. वेंडल टोपी हातात घेऊन उभा होता. अंघोळ करून, केस विंचरून आला होता. आईने दोन्ही हात पुढे केले. खोलीत पाहुण्यासाठी खुर्ची एकच होती. लव्होन उठली.

"बस रे, दमला असशील," आई त्याला म्हणाली. "लव्होन, त्याला चहा दे."

लव्होनने चहा ओतला, वर साय सोडली आणि कप भावाच्या हातात दिला. खडीसाखर तिने घातली नाही. तो आईशी दुष्काळाबद्दल बोलत तळापर्यंत प्यायला, आणि त्याला ते कळलंही नाही.