ओघात आलेलं वाक्य

कोर्टाच्या आवारात त्यांना टाचणी म्हणत. साक्षीदार कितीही फुगून पिंजऱ्यात उभा राहिला, तरी हे गृहस्थ अगदी मऊ आवाजात एकच प्रश्न विचारत आणि त्याची हवा जात असे. पुढे ते खासदार झाले, पण नाव काही सुटलं नाही. लोक ते पाठीमागे म्हणू लागले, एवढाच फरक.

ते निवडून आले ते दगडखाणीच्या वस्तीमुळे. खाणमालकाला वस्ती उठवायची होती आणि टाचणीसाहेबांनी कित्येक वर्षं, बरेचदा पदरमोड करून, तो दावा लढवला आणि जिंकला. वस्तीच्या वतीनं प्रत्येक तारखेला हजर असायची ती आक्का. खडी फोडून हात दगडासारखेच झालेली, बोलायला फटकळ. निवडणुकीत तिनं घरोघर जाऊन सांगितलं, "आपला माणूस आहे. शब्दाचा पक्का." त्या वेळी ते खोटं नव्हतं.

संसदेत पहिली काही वर्षं ते मागच्या बाकावर बसून जांभया दाबत होते. मग खाणींच्या जमिनीचा नवा कायदा आला. खाणीच्या हद्दीतलं बांधकाम बेकायदा ठरवणारं एक कलम त्यात होतं. खात्याचे मंत्री ऐन वेळी आजारी पडले आणि सरकारच्या वतीनं उत्तर द्यायला यांना उभं केलं. विरोधी बाकावरचे एक म्हातारे सभासद कलमात दुरुस्ती मागत होते. साहेब म्हणाले, "आज जे तिथं राहतात, त्यांच्या घरांना या कलमाचा हात लागणार नाही. हा सरकारचा शब्द समजा." म्हातारे खाली बसले, कायदा मंजूर झाला. वर प्रेक्षकांच्या सज्जात आक्का बसली होती. साहेबांनीच तिला पास दिला होता. आपण आज काहीतरी चांगलं केलं असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तसं वाटणं त्यांच्या आयुष्यात फार वेळा आलं नव्हतं.

तेव्हा सभागृहात कॅमेरे नव्हते. लघुलेखक जे टिपतील तेच खरं. टिपलेलं भाषण छापण्याआधी सभासदाकडे तपासायला येई. जिभेची चूक सुधारायची, अर्थ बदलायचा नाही, आणि खाली सही करायची, असा नियम. भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी आलं आणि त्याच्या पाठोपाठ पक्षाचे प्रतोद आले.

"ते एक वाक्य जरा ओघात गेलं तुमचं," खुर्ची ओढत प्रतोद म्हणाले. "असा शब्द द्यायचा ठराव कुठं झाला होता आपला?"

"त्या वाक्यावरच कायदा मंजूर झालाय."

"झालाय ना? मग आता त्याचं काय काम? साहेब, मंत्र्यांची तब्येत काही सुधारत नाही. खातं रिकामं होणार. वर तुमचं नाव आहे. पण वरच्यांना सांभाळून बोलणारा माणूस हवा."

ते वाक्य पुढे कधीतरी कोर्टात काय मोलाचं ठरेल, हे त्या खोलीत एकालाच ठाऊक होतं. पण वकिलाला स्वतःची बाजू मांडायला वेळ लागत नाही. मंत्री झालो तर वाक्याची गरजच काय, मीच बसलोय की राखायला, असं त्यांनी स्वतःला पटवलं. स्वतःपुढे ते नेहमीच चांगले वकील होते. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि सही केली.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं जन्मभर शाळेत शिकवलं होतं. म्हणाली, "अहो, शुद्धलेखन तपासायचं असतं ना त्यात?" त्यांनी कागद पाकिटात घातले. तिनं कप पुढे सरकवला.

मंत्रिपद मिळालं. वस्तीला धक्का लागला नाही, हेही खरं. पण मंत्रिपद म्हणजे काही कायमची नोकरी नव्हे. दोन निवडणुका गेल्या, पक्ष पडला, साहेब पडले आणि त्यांनी जुना काळा कोट पुन्हा झटकून अंगात घातला. कोट जरा घट्ट होत होता.

मग नव्या सरकारनं त्याच कलमाखाली वस्तीला नोटीस दिली. आक्का त्यांच्या कचेरीत आली ती खुशीतच. "घाबरलेत सगळे, पण मी म्हटलं, आपल्याला कसली भीती? साहेबांनी भर सभेत सांगितलंय. मी ऐकलंय माझ्या कानानं."

त्यांनी खटला घेतला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

समोर सरकारी वकील म्हणून उभा होता त्यांचाच जुना ज्युनिअर. छापील वृत्तान्तात आश्वासन नव्हतं, तेव्हा आक्काच्या साक्षीवर भिस्त होती. तिनं सगळं अगदी शब्दाला शब्द सांगितलं. ज्युनिअर अदबीनं उठला. आक्काच्या डाव्या बाजूला जाऊन त्यानं हळूच काहीतरी विचारलं. आक्का समोर बघत राहिली. सुरुंगांनी तो कान केव्हाच गेला होता.

"माझा काही प्रश्न नाही," ज्युनिअर म्हणाला.

"दुसऱ्या कानानं ऐकते मी," आक्का म्हणाली, पण लिहून घेणाऱ्यानं मान वर केली नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी खोटं ठरवलं होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती. साहेबांना ते बघवेना. त्यांनी वकीलपत्र सोडलं, कागद शेजारच्या वकिलाकडे दिले आणि पुढच्या तारखेला स्वतः पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. शपथेवर सांगितलं, वाक्य मी बोललो होतो, आणि मीच खोडलं. आक्काकडे बघायचं त्यांनी टाळलं.

ज्युनिअरला बिचाऱ्याला अवघड झालं असावं, पण पोट कोणाला सुटलंय? त्यानं वृत्तान्ताची प्रत पुढे धरली. "सर, मजकूर बरोबर असल्याची ही सही आपली?"

"माझीच."

"म्हणजे ही सही खोटी, किंवा आजची शपथ खोटी."

"सही खोटी."

"सोय होती तेव्हा आपण खोटी सही केलीत. आज आपली माणसं अडचणीत आहेत. तर आज आपण खरंच बोलताय, हे न्यायालयानं कशावरून धरावं?"

अगदी मऊ आवाजात विचारलं त्यानं. या प्रश्नाला उत्तर नसतं, हे साहेबांना माहीत होतं. तो विचारायला त्यांनीच शिकवला होता. ते गप्प राहिले आणि न्यायाधीशांनी ते गप्प राहणंही लिहून घेतलं.

निकाल विरुद्ध गेला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आक्का पिशवीची गाठ मारत बसली होती. साहेब तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. क्षमा मागायची होती, पण वाक्य जुळेना.

तीच बोलली. "खोडलंत तेव्हाच सांगायचं होतंत. तेव्हा पोरं कमावती होती, माझे हात चालत होते. दुसरीकडं चार भिंती उभ्या केल्या असत्या आम्ही. तुम्ही सांगितलंत म्हणून इथंच पत्रे काढून स्लॅब टाकला."

"आक्का, चुकलो मी."

"बरं. घरं कधी पाडणार?"

"एक महिन्याची मुदत दिलीय कोर्टानं."

आक्कानं मान हलवली. मग त्यांना ओलांडून ती दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे गेली, उजवा कान त्याच्याकडे केला आणि विचारलं, "महिनाच म्हणाले ना हो?"