वैऱ्यांच्या तोंडचं गाणं

ओस्मार मांसाच्या कारखान्यात, शीतगृहात रात्रभर अडकून मेला. दाराची आतली मूठ तुटलीय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट दुरुस्त कोण करणार? त्याचा धाकटा भाऊ एल्वियो मयतीला रडला नाही. नंतरही नाही. शेजारी म्हणाले, पोरगा खंबीर आहे. खंबीर कसला डोंबलाचा! त्याला काही जाणवतच नव्हतं. कढत घोटाने जीभ पोळायची, तरी पत्ता नसायचा.

त्या बधिरपणातच त्याने आपल्या बँडसाठी गाणं केलं. खरखरीत गिटार, छातीवर आदळणारे ड्रम आणि शब्द एवढेच: दार उघडा, मी आत आहे. बुएनोस आयर्सच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत पोरांनी ते डोक्यावर घेतलं. पण ज्या एका माणसाने ऐकावं असं त्याला वाटत होतं, ती त्याची आई, नेलिदा, ऐकायला तयार नव्हती.

"तुझा धिंगाणा माझ्या घरात नको. भावाच्या नावाने बोंबलायचंय तर बाहेर बोंबल," तिने सांगून टाकलं होतं.

दर रविवारी ती ओस्मारची हिरवी जर्सी त्याच्या खुर्चीला अडकवायची, रेडिओवर त्याच्या फुटबॉल क्लबाचा सामना लावायची आणि रवियोलीसाठी पीठ लाटायला बसायची. कारखान्याच्या वस्तीचा क्लब, म्हणून सगळं गाव त्यांना कसाई म्हणे.

एका शनिवारी बँडचा ड्रमवाला जाड्या धापा टाकत आला. "लेका, पार्टी दे! रुळांपलीकडच्या क्लबाने आपलं गाणं उचललंय. मैदानावर त्यांची अख्खी गॅलरी गाते!"

"शब्द?"

"शब्द त्यांचे. गॅलरीत बदलतातच ना. बँडला याहून मोठा मान कुठला?"

"शब्द सांग."

जाड्याने मान खाली घातली. "कसायांनो, आत गोठून मरा, दार कोण उघडतंय."

"चालीत बसतंय," एल्वियो म्हणाला. जाड्या त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सामना नेमका त्यांच्याशीच होता. एल्वियोने सकाळीच रेडिओच्या बॅटऱ्या काढून खिशात घातल्या. नेलिदाने कपाटातून नव्या काढल्या.

हिरव्यांवर गोल झाला आणि रेडिओतून ती चाल उसळली. हजारो गळे. शब्द कळत नव्हते, नुसती चाल. नेलिदाचं लाटणं थांबलं.

"आपलेच गातायत ना रे?"

"हो," एल्वियो खोटं बोलला.

"चाल चांगली आहे." ती गुणगुणायला लागली. "केली कुणी?"

"मी. माझी बोंब हीच, म्हातारे."

तिने लाटणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शब्द काय आहेत?"

त्याने आपले शब्द सांगितले. नेलिदाने एप्रनला पिठाचे हात पुसले, उठून रस्त्याकडचं दार सताड उघडलं, रेडिओ मोठा केला आणि गॅलरीच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागली. दार उघडा, मी आत आहे. जुलैचा, तिथल्या ऐन हिवाळ्याचा, बोचरा वारा थेट टेबलापर्यंत आला.

समोरचा रुफिनो ओट्यावरून ओरडला, "नेलिदा, डोकं फिरलं का? वैऱ्यांचं गातेस! काय म्हणतायत ते तरी ठाऊक आहे का?" आणि त्याने शब्दन् शब्द ऐकवला.

एल्वियो खाली बघत बसला. नेलिदाने रेडिओचा आवाज कमी केला नाही.

"त्यांचे शब्द त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "त्या रात्री माझ्या पोराचा एकट्याचाच आवाज होता. आज एवढे जण ओरडतायत. ओरडू देत."

आणि ती रडली. उभ्याउभ्याच, तोंड न झाकता.

एल्वियोला रडू आलं नाही. पण हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, पाय गारठले. त्याने खुर्चीवरची हिरवी जर्सी ओढून अंगात घातली.

"आई, थंडी वाजतेय गं," तो म्हणाला. "दार लावू?"

"नको," ती म्हणाली. "उघडं राहू दे."