आधी गाडीखाली बघा

रोझलिन येंच्को आठवड्यातून तीनदा धाकट्या बहिणीला, मार्जला, डायलिसिसला न्यायची. अमेरिकेतल्या स्क्रँटन शहराच्या चढांवर बर्फ साचला की बसचा काही नेम नसे. गाडीवाचून दोघींचं पानही हलत नव्हतं. त्याच गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि वार्षिक तपासणीत गाडी धुरावर नापास झाली.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसणाऱ्या ब्रेंटने थोड्याच वेळात निदान सांगितलं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कामातून गेलाय. नवा बसवला तर गाडीपेक्षा तोच महाग, नाही बसवला तर इंजिनच बसेल. एवढं सांगून त्याने आवाजात साखर घोळली आणि काचेपलीकडच्या नव्या गाड्यांकडे बोट दाखवलं.

मार्ज म्हणाली, विकून टाक, मी रुग्णांना नेणाऱ्या काउंटीच्या सरकारी व्हॅनने जाईन. पण याच व्हॅनने तिला एकदा उपचारांनंतर अंधार पडेपर्यंत कुडकुडत बसवलं होतं, ते रोझलिन विसरली नव्हती. शिवाय बटाटे सोलता सोलता तिला आणखी एक गोष्ट खुपत होती. गाडी परत घेताना चाकांपुढचा ताजा बर्फ जसाच्या तसा होता. म्हणजे गाडी तपासायला आत नेलीच नव्हती, जागची हललीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मार्जला घेऊन परत तिथे गेली. ब्रेंट म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरनेच बिघाडाचा कोड दिलाय."

"कोड म्हणजे ताप आलाय एवढंच. कशाने आलाय ते कोण बघणार?" रोझलिनने मार्जकडे हात केला. "हिच्या किडन्या गेल्या म्हणायच्या आधी डॉक्टरांनी हिला उलटसुलट तपासलं. तुम्ही गाडीखाली वाकून तरी पाहिलंत का?"

आज गाडी वर उचलायची लिफ्ट रिकामी नाही असं ब्रेंट म्हणाला, तर रोझलिनने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि तिथेच बसकण मारली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शेवटी त्याने आतून मेकॅनिकला बोलावलं.

कॉलीन नावाची ती मेकॅनिक फार बोलणारी नव्हती. तिने गाडी वर उचलली, इंजिन सुरू केलं आणि दोघी बहिणींना जवळ बोलावलं. धूर मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे धुराच्या पाइपच्या जोडावर काजळीचा काळा ओघळ होता. जोडाला चीर गेली होती. तिच्यातून बाहेरची हवा आत शिरे, सेन्सर फसे आणि आळ कन्व्हर्टरवर येई.

"कन्व्हर्टर ठणठणीत आहे," कॉलीन म्हणाली. मग ब्रेंटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काल ही गाडी माझ्याकडे आलीच नव्हती."

ब्रेंटचा चेहरा पडला. त्याने अडखळत माफी मागितली. रोझलिनला त्याला आणखी लाजवण्यात रस नव्हता. पुढच्या माणसाची गाडी आधी वर उचला, एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात रांगेतले एक आजोबा पुढे आले. त्यांनाही गेल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. आपलीही गाडी बघाल का, असं त्यांनी थेट कॉलीनलाच विचारलं. तिने किल्ली घेतली.

जोडाला वेल्डिंग झालं. दिवा पुन्हा लागला नाही आणि फेरतपासणीत गाडी पास झाली. त्या दिवशी तपासणीहून परतताना मार्ज म्हणाली, "रोझ, चर्चपाशी थांब ना जरा. आज बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी विकतात तिथे. मला भूक लागलीये." कित्येक आठवड्यांत तिने भुकेचं नाव काढलं नव्हतं. रोझलिनने लगेच गाडी चर्चकडे वळवली.