ओट्यावरून कुणाला उठवायचं?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मुखेडच्या बसस्थानकासमोर श्रीमंतरावांचं सेवा केंद्र आहे, तिथे माझा मुक्काम. आत्मवृत्त जन्मापासून सांगावं अशी रीत आहे. पण त्या बाजाराच्या दिवशी श्रीमंतरावांना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो.

त्यांना घरात आठवडाभर शांतता मिळणार होती. मेहुणीच्या लग्नाचा व्हिडिओ संध्याकाळी तिच्या सासरी दाखवायचा होता. त्याचे तुकडे जोडून द्यायचं काम वर्षाराणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या गळ्यात घातलं होतं. त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि निवांत झाले.

आता जन्माकडे येतो. माझी जुळणी नांदेडच्या एका दुकानात झाली. उमेदीची वर्षं लातूरच्या शिकवणी वर्गात गेली. मुलं माझ्यावर सराव परीक्षा देत, माझ्या वेगाचं कौतुक करत. मग नवी यंत्रं आली आणि मी पोत्यात गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवरून मुखेडला आलो.

माझ्या पोटात एक मोठं कपाट आहे आणि एक लहान ओटा. वस्तू कपाटात राहतात, पण काम होतं ते ओट्यावरच. कपाट म्हणजे माझी हार्ड डिस्क, ओटा म्हणजे माझी मेमरी. ती भरत आली की माझ्यातली यंत्रणा जे काम झोपलंय त्याचं गाठोडं बांधून कपाटात ठेवते. त्याला हाक आली की गाठोडं परत आणायचं आणि दुसरं उचलायचं. हाका फार वाढल्या की सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. तुम्ही त्याला 'हँग झालं' म्हणता आणि मला चापट मारता.

तेवढ्यानंही भागलं नाही तर शेवटी पहारेकरी उठतो. सगळेच पडू नयेत म्हणून तो एकालाच ओट्यावरून कायमचं उठवतो. शक्यतो ज्यानं जास्त जागा अडवली आहे, त्याला. पहारेकऱ्याला वजन दिसतं, निकड दिसत नाही.

आता श्रीमंतरावांची सवय ऐका. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं ते माझ्या ओट्यावर करत. कुणाचा ओटीपी यायचाय, कुणी फोटो काढायला गेलंय, कुणी नुसतंच चहाला. प्रत्येकाचं पान उघडंच. बंद कसं करणार, माणूस परत आला तर तोंड कसं दाखवणार? असे रुमाल टाकता टाकता बसायला जागाच उरली नाही.

आणखी एक. मागच्या लग्नसराईत असंच एक व्हिडिओचं काम पहारेकऱ्यानं मध्येच पाडलं होतं. तेव्हा श्रीमंतरावांनी एका जाणत्याकडून व्हिडिओच्या कामाला कायमचं अभय लिहून घेतलं: काहीही होवो, याला हात लावायचा नाही.

दुपार कलली तेव्हा लुंबिनी आली. तिला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत पाच वाजता संपणार होती. आज हुकलं तर वर्ष गेलं. तिनं कागद एकेक करून दिले, श्रीमंतरावांनी त्यांची भलीमोठी चित्रं काढून चढवली. पान जड होत गेलं. शेवटचा दाखला राहिला आणि माझा बाण जागीच थिजला.

"दादा, हे हालून नाही राहिलं," लुंबिनी म्हणाली.

"हालंल की. जुनं हाय, जरा दम खातंय." असं म्हणत श्रीमंतरावांनी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबलं. प्रत्येक दाबणं म्हणजे मला नवी हाक. माझा लाल दिवा विझेना. कपाटाचं दार सारखं उघडत होतं, मिटत होतं.

पहारेकरी उठला. त्यानं आधी व्हिडिओकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त पाय पसरून तोच बसला होता, पण त्याला अभय. मग पुढचं जड पान कोणतं? लुंबिनीचं. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. तिचं पान गेलं आणि पडद्याचा तेवढा भाग पांढरा झाला.

लुंबिनीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पुन्हा पहिल्यापासून?"

"हाव," श्रीमंतराव म्हणाले. कपाळ पुसलं.

"मग तो व्हिडिओ थांबवा ना दादा."

"अगं, होतच आलाय. आता थांबवला तर मला घरात घेणार न्हाईत."

बाकावर सरजाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं पीक विम्याचं पान दुपारपासून ओटीपीची वाट पाहत होतं, कारण फोन लेकाकडं आणि लेक हैदराबादला. त्या म्हणाल्या, "बापू, माझं बंद कर. मी उद्या येते. लेकरू रडाया आलंय."

श्रीमंतरावांनी एकदा व्हिडिओकडे पाहिलं, एकदा दाराबाहेर. मग सरजाबाईंचं पान मिटलं, आणि पाठोपाठ बाकी सगळे रुमालही उचलले. जे समोर नव्हते ते तक्रार करणार नव्हते. माझा ओटा मोकळा झाला. लुंबिनी बोलत गेली, श्रीमंतराव टाइप करत गेले. या वेळी चित्रं लहान करून चढवली. घड्याळाचा मोठा काटा बाराला टेकून पाच वाजायच्या आत पोचपावती आली. लुंबिनीनं ती दोनदा वाचली, मग श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी लोक आले. "आमचं कुठवर आलं?"

"मशीन जुनं झालंय, पहिल्यापासून भरावं लागंल," श्रीमंतराव प्रत्येकाला सांगत राहिले.

सरजाबाई पुन्हा एसटीनं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीनीला कामून बोल लावतोस? नवरा-नवरी हळद लावून ऐसपैस बसले हुते. त्येंला उठवायची हिंमत तुला झाली न्हाई."

श्रीमंतराव हसले, पण वर पाहिलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवर दया करायची असेल तर नको ते पान मिटत जा. आणि कुणाला अभय देताना, त्याच्याऐवजी कोण उठणार ते आधी पाहा.

बाकी त्या दिवशीचा हिशोब असा. लुंबिनीला प्रवेशाची वाट मिळाली. श्रीमंतरावांना घरची शांतता मिळाली. व्हिडिओला तर काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही. किंमत मोजली ती चहाला गेलेल्यांनी, फोटो काढायला गेलेल्यांनी, आणि सरजाबाईंनी. त्यांतल्या फक्त सरजाबाई आपणहून उठल्या होत्या; बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं.