वेरिटीचे सैनिक

“ताप आहे? असू दे. सैनिकासारखं रेटायचं, पोरा.” सफरचंदाच्या झाडाला शिडी लावता लावता वडील म्हणाले होते. गार्थ पायबसच्या कानात तो आवाज लहानपणी शिरला आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या त्या थंड खोऱ्यात त्याच्याबरोबरच मोठा झाला.

त्याची अकरा वर्षांची वेरिटी नेटबॉल खेळताना सारखी पडू लागली, तेव्हा तोही तेच म्हणाला. मग होबार्टच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे राखणदारच शरीराला परकं समजतात, नसांवरचं आवरण कुरतडतात. त्यांना आवरायला रोज एक गोळी.

गार्थच्या मनात एवढंच अडकलं, की ही गोळी पोरीची प्रतिकारशक्ती कमी करते. हिवाळा तोंडावर, अर्धी शाळा खोकत होती. त्याने वेरिटीला सांगितलं, डॉक्टर म्हणालेत गोळी घ्यायला थोडे दिवस थांबा. ताकदीची औषधं आणली, बागेभोवती पळायला लावलं. नेटबॉल क्लबातली मंडळी म्हणाली, बरं केलंस, पोरगी जरा आळशीच आहे.

एका सकाळी वेरिटी दुधाचा पेला टेबलावर ठेवायला गेली, तो टेबलाबाहेरच पडला. उजव्या डोळ्यापुढे धुकं साचलं होतं. बाहेर खोऱ्यातल्या नदीवरचं धुकं दुपारी विरलं. तिच्या डोळ्यातलं विरलं नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडलेली दिसत नाही, आणखी कडक औषध द्यावं लागेल. गार्थने नुसती मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर त्याने नर्स लोर्नाला हळूच विचारलं, पोरीची ताकद वाढवली तर?

“तिच्या शरीरातले सैनिक दुबळे नाहीत, गार्थ,” लोर्ना म्हणाली. “शूर आहेत. फक्त स्वतःचं घर ओळखत नाहीत. त्यांना बळ नको, लगाम हवा.”

तेवढ्यात खाटेवरून वेरिटी पुटपुटली, “डॅड, बागेभोवतीच्या शेवटच्या फेऱ्या मी चालतच मारायचे. तुला सांगितलं नाही. म्हणून झालं ना हे?”

वाचकहो, आजाराने थकलेल्या लेकराला आपण आळशी म्हणतो, आणि लेकरू ते खरं मानतं. मोठ्यांच्या अज्ञानाचा दोष उशाला घेऊन निजतं. कळत नसेल तर विचारावं. चुकलं तर लेकरापाशी कबूल करावं.

गार्थ खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. तिच्या चांगल्या डोळ्यासमोर आला.

“नाही, बाळा. डॉक्टर थांबा म्हणालेच नव्हते. तुझी गोळी मी बंद केली.”