आखूड पाऊल

आबा गेले त्याला अडीच महिने झाले होते. उधन्याच्या कराटे शिबिरासाठी आमची दोघांची नावं त्यांनीच आधी दिली होती. मी एकटी गेले.

आबा लूमखात्यात कापड विणणारे कारागीर. सुट्टीच्या दिवशी बंद यंत्रांच्या दोन ओळींमधल्या बोळात ते आमच्या लिंबायत वस्तीतल्या पोरींना कराटे शिकवायचे. मीही तिथंच शिकले. शिबिराबद्दल त्यांचं एकच सांगणं असे : "तिथं आपलं शहाणपण न्यायचं नाही. सर सांगतील ते अंगात मुरेपर्यंत करायचं." मी पहिल्या रांगेत उभी राहिले.

काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, चालू असताना सुधाकर सरांनी मला नवव्या पावलावर थांबवलं.

"पाय आखडतेस. आणि टाच आत का वळते? कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. लूमच्या बोळात."

"तरीच. यंत्राला पाय लागेल म्हणून आखडला असणार. खोड आहे ती. काढून टाक."

शेजारची धनश्री हसली. "टाक ना लांब, बेन! इथं कुठं लूम आडवा येतोय?"

मी लांब टाकलं. शंभरदा, दोनशेदा. आबा सांगायचे तसंच, मुरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी सर म्हणाले, "शाब्बास. गेली खोड."

आबांचे फोटो आहेत. सगळ्यांत ते हात बांधून उभे. व्हिडिओ नेहमी तेच काढायचे, पोरींचे. त्यांची हालचाल म्हणून जे काही उरलं होतं, ते माझ्या या एका पावलात होतं. मी कोपऱ्यात जाऊन ते टाकून पाहिलं. पाय लांब गेला. मुद्दाम आखडला, तर टाच वळेना. वळवली, तर तोल गेला. आबांचा कधी जात नसे.

लोक चटया गुंडाळू लागले होते. मी सरांना गाठलं.

"सर, काल मी चुकत होते ते करून दाखवता?"

"चूक कशाला बघायची, बेटा?"

"वडिलांची होती. ते गेले."

सरांनी सोडलेला पट्टा पुन्हा बांधला. पाऊल आखडलं. "असं?"

"नाही."

"टाच अजून आत? असं?"

"नाही, सर."

पाच-सहा वेळा त्यांनी केलं. मग घाम पुसत म्हणाले, "तूच सांग ना, कसं होतं."



"अजून एकदा करा, सर," मी म्हणाले.