कौसल्याच्या आवाजाचं लायसन

निरवांगीच्या अंगणवाडीतून कौसल्याबाईंनी हाक दिली की कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरची पोरं पळत यायची. त्याच बाईंचे शब्द पुढं बोबडे झाले, मग हातापायातलं बळ गेलं. मज्जातंतूंचा आजार, औषध नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. वाचा पुरती जायच्या आत एका संस्थेच्या राजलक्ष्मी मॅडमनी तिच्याकडून शेकडो वाक्यं वाचून घेतली आणि एक लॅपटॉप दिला. कौसल्या पडद्यावरच्या अक्षरांवर नजर रोखायची, खालचा कॅमेरा तिचे डोळे टिपायचा, अन् लॅपटॉप तिच्याच आवाजात बोलायचा.

"अहो, चहात साखर विसरलात."

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर उभा जन्म घालवलेला तिचा नवरा संभाजी ते पहिल्यांदा ऐकून भिंतीकडं तोंड करून रडला होता.

चैत्रात विजेचा नुसता खेळ चालला होता. एका दुपारी गेलेली वीज दणक्यात परत आली आणि लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. संभाजीनं तो टॉवेलात गुंडाळला आणि बारामती गाठली.

दुरुस्तीवाल्या दिग्विजयनं तो उघडून पाहिला. "मदरबोर्ड जळलाय, तात्या. बदलावा लागंल."

"आतलं काय जायाचं न्हाय ना?"

"न्हाय. डिस्क शाबूत हाय."

आणि खरंच काही गेलं नव्हतं. घरी आणून चालू केला तर पडद्यावर अंगणवाडीच्या पोरांचा फोटो उमटला. कौसल्याचे डोळे हसले. पण बोलायचा प्रोग्राम उघडेना. हे लायसन दुसऱ्या संगणकाचं आहे, एवढंच तो सांगत राहिला.

संभाजीनं दिग्विजयला फोन लावला.

"तात्या, ते सॉफ्टवेअर बोर्डावरनं मशीन वळखतं. बोर्ड बदलला, म्हंजे त्याच्या लेखी ह्यो दुसराच लॅपटॉप. कंपनीकडनं लायसन सोडवून घ्यावं लागंल."

"आरं, पर आवाज तर तिचाच हाय की!"

संभाजीनं मग राजलक्ष्मी मॅडमना फोन लावला.

मॅडमनी कंपनीला गाठायचा प्रयत्न केला. ती कंपनी मधल्या काळात विकली गेली होती. नव्या मालकांचं म्हणणं, आधी जुन्या मशीनवरून लायसन रद्द करा. जुनं मशीन तर जळालेलं. मॅडम मेल पाठवत राहिल्या, तिकडून तेच छापील उत्तर येत राहिलं. त्यांनी दुसरा एक फुकटचा प्रोग्राम टाकून पाहिला, पण डोळे टिपणारा कॅमेरा त्याच्याशी जुळेना.

संभाजीनं मग पुठ्ठ्यावर बाराखडी लिहिली. तो अक्षरांवरून बोट फिरवायचा, हवं ते आलं की कौसल्यानं पापणी मिटायची. प, मग काना, मग ठ.

"पाठ दुखतीया?"

नाही.

"कुणाला काय पाठवायचंय?"

नाही. तो पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायचा. मध्येच ती डोळे मिटून घ्यायची. झोप लागली असेल म्हणून तो उठायचा, तर तिच्या कानशिलावरून पाणी ओघळत असायचं. हळूहळू तिनं सांगायचं सोडलं. त्यानंही पुठ्ठा कपाटावर टाकला.

मॅडमच्या मेलांना शेवटी दाद मिळून लायसन सुटलं तेव्हा शेतं पावसाळी पाण्यानं भरली होती. मॅडमचा फोन येताच संभाजीनं तिचं अंग पुसलं, वेणी घातली, उशा लावून तिला टेकवून बसवलं आणि लॅपटॉप समोर ठेवला. राजलक्ष्मी मॅडम मोबाइलवरून बघत होत्या. प्रोग्राम उघडला. पडद्यावरचा ठिपका थरथरला, घसरत कोपऱ्यात गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी परत परत करून पाहिलं.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "त्यांना नजर अक्षरावरून अक्षरावर नेता येत नाहीये. आजार आता डोळ्यांत, पापण्यांतही उतरलाय."

फोन ठेवल्यावर संभाजीनं कीबोर्डवर एका बोटानं चाचपडत दोन अक्षरं दाबली.

"अहो," कौसल्याचा आवाज घरात घुमला.

त्यानं पुढं लिहिलं.

"अहो, मी बरी आहे. माझी काळजी करू नका."

त्यानं वर पाहिलं. कौसल्या त्याच्याकडंच बघत होती आणि तिचा श्वास जोरजोरात वरखाली होत होता. हे ती बोलली नव्हती. बरीही नव्हती.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

तिची नजर त्याच्या तोंडावरून हलेना. तिला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते त्याला कळत नव्हतं.